वैशाखातली शेवंती

मंडळी, मघाशी पूर्वरंग संपला, अनंतरावांनी तबला जरा ठोकून घेतला, आणि तुमचे अध्यक्ष हार घेऊन पुढे आले. तेव्हा मी काय केलं? पगडी काढली! हे माझं डोकं दिव्याखाली चमकलं, तसे तुम्ही हसलात. त्या खांबाजवळच्या मावशी तर पदर तोंडात कोंबून हसल्या. पाहिलं हो मी! कीर्तनकाराला सगळं दिसतं. कोण पेंगतंय, कोण घड्याळ बघतंय, कोण प्रसादाच्या पातेल्याकडे बघतंय — सगळं!

हसा, हसा. पण मनात एक प्रश्न आला असेल. कीर्तनकार पगडी घालूनच हार घालून घेतात, हा बुवा का काढतो? आणि हारही बघा हा! एवढासा! गळ्यापासून निघाला आणि छातीवरच थांबला. तुम्हाला वाटलं असेल, मंडळानं फुलांत काटकसर केली. नाही हो! मंडळ निर्दोष आहे. या हाराचं माप माझंच आहे. मीच पाठवलं होतं, दोऱ्यावर मोजून.

तर आज आख्यान त्याचंच. पुराणातलं नाही, कृष्णाकाठच्या एका गावातलं. आणि प्रश्न साधा आहे. देवापाशी आपण मागतो. मागावं, त्यात चूक काही नाही. पण ज्याची वेळ आलेली नाही ते ओढून मागायचं, आणि आपल्या त्या मागण्यापायी दुसऱ्याच्या हातचं हिसकावलं जायचं — याला भक्ती म्हणायचं की हट्ट? लगेच उत्तर देऊ नका. तुम्ही 'हट्ट' म्हणाल, घरी जाल आणि तोच कराल. मीही तेच करत होतो. म्हणजे — मी नाही, एक बुवा! ऐका.

एक बुवा होते. वय सत्तावीस. डोक्यावर केसही साधारण तेवढेच! तरुण माणूस, आवाज खणखणीत, अंगरखा कडक इस्त्रीचा, आणि डोक्यावर लाल पगडी. ती पगडी बुवा सकाळी जे डोक्यावर चढवत ते झोपतानाच उतरवत. जेवताना पगडी, एस.टी.त पगडी. लोक म्हणत, केवढी ही परंपरेची निष्ठा! कसली निष्ठा? टक्कल झाकायचं होतं! लग्नाची बोलणी चालली होती ना बुवांची. नाव विचारू नका बुवांचं. अनंतराव, तुम्ही तोंडावर हात ठेवा! हे अनंतराव तेव्हाही साथीला होते, मंडळी. साक्षीदार जवळ बाळगणं फार वाईट.

तर या बुवांना त्या गावच्या मुरलीधराच्या मंदिरातून बोलावणं आलं. वैशाखातला सप्ताह, रोज संध्याकाळी पाच वाजता कीर्तन, सातव्या दिवशी काला. आयुष्यातला पहिला सप्ताह! बुवा हरखले. आणि त्याच सुमाराला त्यांच्या हाती एका मोठ्या कीर्तनकारांचं हस्तपत्रक पडलं होतं. त्यावर फोटो. आणि फोटोत काय? गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पिवळ्याधमक शेवंतीचा हार, मनगटाएवढा जाड! बुवांनी तो फोटो किती वेळा पाहिला असेल? देवाच्या फोटोला रोज एकदा नमस्कार, आणि या फोटोला येता-जाता. आपलाही असाच फोटो निघाला पाहिजे! शेवटच्या दिवशी फोटोग्राफर येणारच होता. बुवांनी मनाशी ठरवून टाकलं — हार शेवंतीचाच.

महिना कोणता? वैशाख! अहो, बायका हसतायत, कारण ज्याच्या अंगणात चार कुंड्या आहेत त्यालाही हे कळतं. पण बुवांना नाही कळलं. बुवांचा फुलांशी संबंध गळ्यापुरताच.

मंदिराच्या शेजारच्या बोळात चंद्राक्का फुलारींचं दुकान होतं. दुकान म्हणजे किती? चार फळ्या, वर पत्रा, पुढे ओलं गोणपाट, आणि त्यावर टोपल्या. आक्का साठीच्या, अंगानं किरकोळ, कपाळावर ठसठशीत गोंदण, बोटं फुलांच्या देठांनी हिरवी पडलेली. मुरलीधराचा रोजचा हार त्या दुकानातून जायचा. आक्कांच्या आजेसासूपासूनची सेवा होती ती. आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक ओळीत खिळे होते. प्रत्येक खिळ्याला एक दोरा लोंबत होता. पहिल्या दिवशी बुवा तिथे गेले आणि विचारलं, "हे दोरे कसले?"

आक्का म्हणाल्या, "मापं हायत, देवांची. ह्यो मुरलीधराचा. ह्यो मारुतीचा, त्येचा जरा मोठा, अंगानं दांडगा हाय न्हवं! आन् ह्यो दत्ताचा. देवाचा हार पायावर टेकावा, पायाखाली लोळू नये, आन् तोंडावर तर अज्जाबात येऊ नये. म्हणून माप. मुरलीधराच्या दोऱ्याला माझ्या सासूची गाठ हाय. जाताना तिनं मला दागिना न्हाई दिला, ह्यो दोरा दिला."

आता इतकं ऐकल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? हात जोडावेत आणि निघावं. बुवा काय म्हणाले? "आक्का, माझंही माप घेऊन ठेवा!"

घेतलं हो आक्कांनी! बिचाऱ्या स्टुलावर चढल्या, बुवांच्या मानेमागून दोरा टाकला, पुढे गुडघ्यापर्यंत सोडला, गाठ मारली, आणि मोकळा खिळा होता त्याला लावला. मारुती, दत्त, मुरलीधर, आणि त्यांच्या पंगतीला — बुवा! बुवा रोज कीर्तनाला जाताना त्या बोळातून जायचे. वाट दुसरी जवळची होती. पण खिळ्यावरचा आपला दोरा दिसला की त्यांना बरं वाटायचं. एकदा तर त्यांनी विचारलं, "आक्का, हा खिळा जरा खालच्या अंगाला नाही वाटत?" अनंतराव होते बरोबर. तबलजी म्हणून गप्प बसले, नाहीतर तिथेच थाप मारली असती.

बरं, माप झालं. मग बुवांनी मुद्द्याला हात घातला. "काल्याच्या दिवशी मला शेवंतीचा हार हवा. पिवळी, टपोरी, मनगटाएवढी जाड गुंफण."

आक्का बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बुवा, वैशाख हाय."

"हो, मग?"

"या माझ्यासंगं."

मागच्या परसात घेऊन गेल्या. तिथे आंब्याच्या सावलीत, वर पोतं ताणलेलं, आणि खाली मातीत कापून काढलेले वाळके खुंट. बुडाशी कुठे बोटभर हिरवे कोंब. आक्कांनी वाकून एका कोंबावरची माती बोटानं सारखी केली आणि म्हणाल्या, "ही बगा तुमची शेवंती. माघात फुलून दमली, आता झोपलीया. हिला मी निसतं जगवायचं पाणी घालते. जेष्ठात लावणार, पाऊस अंगावर घेणार, थंडी पडली की मग ही आपसूक फुलंल. आत्ता तिला हाका मारून उठायची न्हाई ती."

"पण आक्का, फोटो..."

"मोगरा घ्या की! मोगऱ्याचे दिस हायत. दुपारी तीनला मी मिटल्या कळ्या ववते. अर्ध्या बोटाच्या, टंच. मधी दवण्याची काडी, खाली तुळशीचा गोंडा. पाचला गळ्यात घालताना कळ्याच असत्यात, आन् तुमची आरती हुईस्तवर देवाच्या अंगावर फुलत्यात. समदं देऊळ घमघमतं. चाळीस वर्सं झाली, माझा हार आरतीच्या आदी फुलला न्हाई, आन् आरतीला मिटला ऱ्हायला न्हाई."

मंडळी, काय कला आहे बघा! फुललेलं फूल तर कुणीही गुंफेल. ही बाई फुलण्याची वेळ गुंफत होती. आणि बुवा काय म्हणाले माहीत आहे? "मोगरा फोटोत उठत नाही हो. गजऱ्यासारखा दिसतो."

आक्का हसल्या. म्हणाल्या, "फोटूत वास न्हाई येत, हे खरं हाय." आणि पुन्हा टोपलीपाशी जाऊन बसल्या.

बुवांना राग आला. फुलवाली आपल्याला शिकवते! तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. मंदिराचे पंच विष्णुपंत जेरे यांच्याकडेच बुवा उतरले होते. विष्णुपंत माणूस सज्जन, पण पाहुण्याच्या पुढ्यात पाघळणारा. बुवांनी श्रीखंडाची वाटी पुढे ओढत म्हटलं, "पंत, तुमची फुलवाली म्हातारी झाली हो. साधी शेवंती तिला जमत नाही. मला काही नको, मी काय, वैरागी माणूस! पण मंदिराची शोभा..."

मंदिराची शोभा! मंडळी, माणसाला स्वतःसाठी काही हवं असलं की तो देवाचं नाव पुढे करतो. चिठ्ठी आपली, सही देवाची!

विष्णुपंत म्हणाले, "बुवा, काळजी सोडा. तालुक्याला एक नवा डेकोरेटर आलाय, लग्नाचे मांडव सजवतो. बर्फात घालून फुलं आणतो म्हणे. सांगतो त्याला. देवाचा आणि तुमचा, दोन्ही हार काल्याला त्याचेच. चांगलं काम दिसलं तर पुढे सेवा त्याच्याकडेच देऊन टाकू. म्हातारीलाही आता विश्रांती हवी."

बुवांच्या घशात श्रीखंडाचा घास होता. तिथेच 'अहो, असं नको' म्हणायचं होतं. घास गिळून झाल्यावरही म्हणता आलं असतं. पण दुसरी वाटी आली.

सहाव्या दिवशी सकाळी बुवा बोळातून चालले, आपला दोरा बघायला. आक्का स्टुलावर उभ्या. हातात दोरा. कुठला? मुरलीधराचा! खिळा रिकामा. बुवांचा दोरा मात्र जागच्या जागी. बुवांना पाहून आक्का खाली उतरल्या. रोज ज्या हसून 'या बुवा' म्हणायच्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. दोरा बोटाला गुंडाळायच्या, पुन्हा सोडायच्या.

म्हणाल्या, "इष्णुपंत येऊन गेलं. उद्याचा हार नगं म्हणालं. डेकोरेटरला माप देऊ का इचारलं, तर त्यो म्हणतोय माप कशाला, मोठ्ठाच करतो. बुवा, माझा मालक गेला त्या दिशीबी मी हार गुंफून मगच त्येच्या उशाशी बसली. त्येनंच सांगून ठिवलं हुतं तसं. उद्या पयलाच दिस, का माझा देव दुसऱ्याचा हार घालणार. तुमचा सबूद मोठा हाय. येक सबूद टाका की पंतांच्या कानावर. सेवा तेवढी ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

बुवा काय म्हणाले? मंडळी, या ओठांनी रोज दोन-दोन तास करुणेवर बोलणारा माणूस. म्हणाला, "बघू."

'बघू'! 'नाही' म्हणायला धीर लागतो, 'हो' म्हणायला मन लागतं. दोन्ही नसलं की आपण 'बघू' म्हणतो. तुमच्याकडे मुलीचा हात मागायला आलेल्याला म्हणता, देणगी मागायला आलेल्या आमच्यासारख्यांनाही म्हणता. बुवांनीही म्हटलं, आणि निघाले. कोपऱ्यावर जाऊन अनंतरावांना म्हणतात कसे, "बाई फारच भावनाप्रधान आहे." त्या संध्याकाळी अनंतरावांचा ठेका उगाच जोरात वाजला.

उजाडला सातवा दिवस! वैशाखाचं ऊन, पत्र्याचा मांडव, पाच वाजले तरी वाफा. अख्खं गाव लोटलेलं. पूर्वरंग झाला. फोटोग्राफर कॅमेरा लावून बसला. आणि आला — आला हो शेवंतीचा हार! दोन माणसांनी धरून आणला. पिवळाधमक! मनगटाएवढा काय, दंडाएवढा! विष्णुपंतांनी पगडीवरून अलगद सोडला आणि बुवा मोहरले. काय गार वाटलं! बर्फातली फुलं ना! फोटोग्राफर म्हणाला, हसा. सांगायला लागतंय होय? बुवा आधीच हसत होते. फोटो निघाला!

आणि तोच जुळा हार गाभाऱ्यात मुरलीधरालाही घातला गेला. बुवांनी तिकडे पाहिलं? नाही. बुवांची देवाकडे पाठ. कीर्तनकाराची पाठ देवाकडेच असते म्हणा, पण या बुवांची जरा जास्तच होती.

उत्तररंग लागला. विषय कोणता असेल? वैराग्य! आणि बुवांनी स्वतः रचलेली साकी उचलली —

नको कनक मज, नको कीर्ति मज, नको नको हा मान,
फुलाहुनी मज हलके व्हावे, हे दे मुरलीधर दान!

रचना बुवांचीच, म्हणून तर अशी! 'नको नको हा मान' म्हणताना हातवारा करावा लागतो. हात गळ्याकडे गेला, हाराला लागला, आणि पाच-सहा फुलं गळून पेटीवर पडली. पेटीवाल्यानं फुंकर मारली. बुवांना वाटलं, भाव दाटला! पुढे निघाले. घाम सुटला. उन्हाची झळ, वर बुवांची उष्णता, आणि ती बर्फातली शेवंती — वितळायलाच लागली हो! आणि वितळताना काय झालं? रंग! पिवळा रंग! ती फुलं पिवळी नव्हतीच मुळी. पांढरी शेवंती कुठल्या तरी थंड मुलखातून आणून रंगात बुडवलेली! बुवांना पिवळी हवी होती ना? दिली त्यानं! त्याची काय चूक? कडक इस्त्रीच्या अंगरख्यावरून पिवळे ओघळ निघाले. छातीवर, पोटावर, धोतरावर! हात पुसायला गेले, गालाला लागला. लोक हसायला लागले. बुवांना वाटलं, आज आपला विनोद फार रंगतोय! विनोद नव्हता, बुवाच रंगत होते! आणि हा गृहस्थ त्या हास्यावर खूश होऊन आणखी जोरात नाचतोय, आणखी फुलं गळतायत, आणखी ओघळ निघतायत...

अनंतराव, आता हसलात तर चालेल. तेव्हा यांनीच डोळ्यानं खूण केली, मंडळी. पहिल्यांदा बुवांना कळेना. खाली पाहिलं. मग कळलं. आणि माणसाला ओशाळवाणं झालं की तो कुणाकडे बघतो? लोकांकडे बघवत नाही. बुवा वळले देवाकडे, सात दिवसांत पहिल्यांदा. म्हटलं, देवा, तू तरी —

आणि देव दिसेना!

मूर्ती केवढी? दीड हात. आणि हार केवढा? या दांडग्या बुवाच्या मापाचा. माप कशाला, मोठ्ठाच करतो! गळ्यात मावेना म्हणून तीन वेढे दिले होते. मुरली दिसेना, पाय दिसेनात, तोंडही दिसेना. नुसता पिवळा ढीग, आणि त्यातून पांढऱ्या पायरीवर थेंब थेंब पिवळं पाणी गळतंय. आरतीची वेळ जवळ आलेली. पहिल्या ओळीतल्या एक आजी मान उंचावून बघत होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "अगं, देव गेला कुठं?"

मंडळी, सहा दिवस बुवा घसा फोडून सांगत होते, देव झाकला जातो तो आपल्या अहंकारानं. शब्द पाठ होते. आज ते डोळ्यांसमोर बसलं होतं, बुवांच्याच मापाचं, बुवांनीच मागवलेलं. देव झाकला होता बुवांच्या हारानं!

टाळ थांबले. बुवांनी मांडवात नजर फिरवली. अगदी मागे, चपला काढतात तिथे, चंद्राक्का बसल्या होत्या. मांडीवर ओल्या फडक्यात काही झाकलेलं. बुवा तिथूनच म्हणाले, "आक्का, देवाचं माप कुणाकडे आहे?"

आक्का उठल्या नाहीत. म्हणाल्या, "माप माझ्याकडं हाय बुवा. सेवा न्हाई."

विष्णुपंत उपरण्याशी चाळा करायला लागले. आता 'बघू' चालणार नव्हतं. बुवांनी तो चिखल झालेला हार गळ्यातून उतरवला आणि हात जोडले. म्हणाले, "विष्णुपंतांचा दोष नाही. आक्कांची सेवा माझ्यामुळे गेली. मला फोटोसाठी शेवंती हवी होती. वैशाखात! मी मंदिराची शोभा म्हणालो, ते खोटं होतं. माझी शोभा हवी होती. ही बघा झाली." आणि स्वतःचा अंगरखा दाखवला. कुणी हसलं नाही. मघाशी एवढे हसत होते! हवं तेव्हा लोक हसत नाहीत बघा.

विष्णुपंत उठले, मागपर्यंत चालत गेले. म्हणाले, "चंद्राक्का, चुकलं आमचं. चला."

आक्का काय म्हणाल्या? "येते. पर ज्या म्हयन्यात जे येतं तेच घालीन. कुणी कितीबी मोठा आला तरी."

पंत म्हणाले, "कबूल."

आक्का गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आल्या. गुरवांनी तो ढीग उचलून बाहेर काढला, ओल्या फडक्यानं मूर्ती पुसली. आक्कांनी फडकं उघडलं. सेवा नाही, कुणी मागितलेला नाही, तरी या बाईनं तीनला कळ्या ओवल्या होत्या! का, म्हणून नंतर विचारलं. तर म्हणाल्या, "तीन वाजलं की हात बसू देत न्हाईत वो." गुरवांनी हार घातला. पायावर बरोबर टेकला, एक बोट इकडे नाही, तिकडे नाही. आणि आरती सुरू झाली, तशी कळी उमलायला लागली. एक, मग दुसरी... कडव्याकडव्याला वास वाढत गेला. शेवटच्या ओळीला सगळा मांडव घमघमला. पहिल्या ओळीतल्या आजी म्हणाल्या, "दिसला गं बाई."

इथे संपायला हवं होतं, नाही? पण देव एवढ्यावर सोडतो होय! त्या मंदिरात चाल अशी, की काल्याच्या दिवशी आरतीनंतर देवाच्या गळ्यातला हार उतरवून प्रसाद म्हणून बुवांना घालायचा. गुरव तो मोगऱ्याचा हार घेऊन आले. बुवांना भरून आलं होतं. त्यांनी डोळे मिटून मान पुढे केली. हार पगडीपाशी अडकला! दीड हात मूर्तीच्या मापाचा तो, पगडीवरून जाणार कसा? गुरवांनी इकडून ओढलं, तिकडून ओढलं. दोन कळ्या तुटल्या. आणि आक्का कळवळून म्हणाल्या, "आवो बुवा, हार तुटंल! पगडी काढा की!"

मंडळी, हजार माणसं. पुढच्या रांगेत ज्यांच्या मुलीची बोलणी चालली होती, ते सोयरे! चार वर्षं ज्या डोक्याला सूर्यानं पाहिलं नव्हतं... बुवांनी पगडीला हात घातला, थांबला, पुन्हा घातला — मी घातला हो! किती वेळ 'बुवा बुवा' म्हणू आता? तुम्हाला केव्हाच कळलंय. मी पगडी काढली. मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि अख्खा मांडव हसत सुटला. मीही हसलो. रडतही होतो, पिवळ्या गालांवरून. आणि हार कसा उतरला माहीत आहे? सरळ, अलगद. त्या देवाच्या मापात माझं डोकं बसत होतं मंडळी, मध्ये फक्त पगडी होती.

सोयरीक? जमली की! आमच्या हिनं मला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच अवतारात. आजवर तिचं म्हणणं आहे, फोटोपेक्षा तोच बरा होता. फोटो? फोटोत शेवंती छान आली होती. मी तो कधी छापला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना दुकानावर गेलो. म्हटलं, आक्का, माझा दोरा तेवढा खिळ्यावरून काढा. आक्कांनी काढला. मला वाटलं फेकून देतील. त्यांनी तो मुरलीधराच्या दोऱ्याला लावून मापला, वरचा सगळा कापला, दोन्ही टोकं जोडून गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "जाशिला तितं ह्यो द्यावा."

त्याच वर्षी मार्गशीर्षात आमच्या घरी एस.टी.नं एक करंडी आली. ओलं फडकं, आणि आत शेवंतीचा हार. पिवळा. आपल्या रंगाचा पिवळा. या एवढ्याच मापाचा. बरोबर कुणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी होती. एकच ओळ — "बुवा, आता ती उठली." मंडळी, मी तो हार मांडीवर घेऊन खूप वेळ बसलो होतो. आक्कांना जाऊन आता अठरा वर्षं झाली. त्यांच्या सुनेच्या हातात आज तो मुरलीधराचा दोरा आहे, आणि सासूसारखीच तीही कुणाचं ऐकत नाही.

आता गळ्यात माझ्या काय आहे, बघा बरं. शेवंती! महिना कोणता? मार्गशीर्ष. मी मागितली नव्हती. मी फक्त दोरा पाठवला आणि तुमच्या फुलवाल्याला सांगितलं, दिवस ज्याचे असतील ते घाल.

आता तुमच्याकडे येतो. मी एकटाच का भिजू! लग्नाला सहा महिने झाले नाहीत, आणि सूनबाईच्या पोटाकडे बघत बसलेल्या सासूबाई — तुम्ही वैशाखात शेवंती मागताय. चौथीतल्या पोराला 'डॉक्टर होणार ना?' विचारणारे बाबा — तुम्हीही! ते मागे भिंतीला टेकलेले आजोबा, साठीनंतर केस काळे करून आलेत, त्यांचं नाव मी घेत नाही. मी कोण बोलणार? मागा हो, पण विचारा की दिवस कुणाचे आहेत. आणि आपल्या मागण्यापायी कुणाचा तरी दोरा खिळ्यावरून निघतोय का, तेवढं बघा. 'बघू' म्हणू नका. बघा!

हा तो दोरा. तेहतीस वर्षं खिशात आहे. आरतीआधी तो पहिल्या ओळीत देतो. हातोहात मागे जाऊ द्या. प्रत्येकानं डोक्यातून घालून पाहायचा. ज्याच्या गळ्यात आला, त्यानं देवाला हात जोडायचे. आणि अडकला, तर ओढू नका. ओढलं की तुटतो. सरळ दोन्ही हात वर न्यायचे, आणि घरून जे काय डोक्यावर घेऊन आला असाल, ते काढून खाली ठेवायचं.

अनंतराव, वाजवा. आरतीला उशीर नको, कळ्या थांबत नाहीत.